पाटा का तुटला? : स्प्रिंगच्या पोलादाची ओळख

मंडळाच्या या अंकासाठी मी कवितेवर काहीतरी लिहीन, असं सगळ्यांना वाटत होतं. मलाही तसंच वाटत होतं. पण नाताळच्या सुट्टीत आमच्या ट्रकचा पाटा तुटला आणि माझा विषय बदलला. साहित्याच्या विद्यार्थिनीने पोलादावर का लिहावं, ते लेख वाचून झाल्यावर तुम्हीच ठरवा.

आमचं घर बीदरला. पप्पा ट्रक चालवतात. ट्रक त्यांचा नाही, शेठचा आहे. कलबुर्गीहून तूरडाळ भरायची, पुण्याकडे उतरवायची आणि मिळेल तो माल घेऊन परत यायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम. २३ डिसेंबरला मी रेल्वेने सोलापूरला उतरले आणि तिथून पप्पांच्या ट्रकमध्ये बसले. सोलापूर, नळदुर्ग, उमरगा, मग कर्नाटकची हद्द, सस्तापूर बंगला, हुमनाबाद आणि तिथून वर बीदर. हुमनाबादपर्यंत सगळा राष्ट्रीय महामार्ग ६५. हद्द ओलांडून थोडं पुढे आलो आणि एका स्पीडब्रेकरवर मागून ‘खाट्’ असा आवाज आला. गाडी डाव्या अंगाला झुकली. पप्पा एवढंच म्हणाले, “पाटा गेला.”

ज्यांच्या घरी गाडीचा धंदा नाही त्यांच्यासाठी सांगते. ट्रकच्या खाली, ॲक्सलजवळ, लांब पोलादी पट्ट्या एकीवर एक रचून केलेली एक कमान असते. गाडीचं आणि मालाचं सगळं वजन या कमानीमार्फत चाकांवर जातं. एकेका पट्टीला पाटा म्हणतात आणि सगळ्या मिळून कमान किंवा कमानपाटे. सगळ्यांत वरचा, दोन्ही टोकांना डोळे वळवलेला, तो मेन पाटा. आमचा नेमका तोच गेला होता.

बैलगाडीच्या वेगाने आम्ही हुमनाबादजवळच्या एका कमानीच्या दुकानापर्यंत पोचलो. तिथल्या चाचांनी यू-बोल्ट सोडले, पाटे उतरवले आणि तुटका तुकडा माझ्यासमोर धरला. त्यावर वेल्डिंगची जुनी रेघ होती. महिन्यापूर्वी हाच पाटा चिरला होता. नवा घेण्याऐवजी वेल्डिंग करून घ्या, असं शेठने फोनवर सांगितलं होतं आणि रस्त्यावरच्या एका दुकानात ते झालंही होतं. गंमत म्हणजे वेल्डिंगचा जोड शाबूत होता. पाटा तुटला होता तो जोडाच्या शेजारी, बोटभर अंतरावर. मी म्हटलं, “चाचा, जोड तर पक्का आहे की. मग?” ते हसले. “पाट्याला वेल्डिंग नक्को, बेटी. जोड टिकतो, पाटा मरतो.”

पाटा मरतो म्हणजे नक्की काय होतं? सुट्टीभर मी त्याच्याच मागे लागले. आई म्हणायची, “काय करलालीस गं, परीक्षा आहे का लोहारकीची?”

आधी शब्द नीट करू

आपण बोलताना ‘मजबूत’ हा एकच शब्द सगळीकडे वापरतो. पोलादाच्या बाबतीत तो पुरत नाही. निदान चार गुण वेगळे करावे लागतात.

पहिला ताठपणा: वजन टाकल्यावर किती वाकतं. दुसरा कठीणपणा: पृष्ठभागावर ओरखडा किंवा खळगा पडू द्यायचा की नाही. तिसरा चिवटपणा: तडा गेला तरी तो पुढे न जाऊ देणं. आणि चौथा, आपल्या विषयाचा जीव, तो म्हणजे स्थितिस्थापकता: वाकवल्यावर सोडलं की पुन्हा जसंच्या तसं होणं.

काच कठीण आहे, पण चिवट नाही. शिसं वाकतं, पण परत येत नाही. रबर परत येतं, पण ट्रकचं वजन पेलत नाही. स्प्रिंगला वजनही पेलायचं असतं आणि परतही यायचं असतं, तेही लाखो वेळा.

‘स्थितिस्थापकता’ हा शब्द मला शाळेत नुसता अवघड वाटायचा. आता कळलं की तो पाठ्यपुस्तकासाठी घडवलेला नवा शब्द नाही. न्याय-वैशेषिक दर्शनात ‘संस्कार’ नावाचा एक गुण मानतात आणि त्याचे तीन प्रकार सांगतात: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त याचं उदाहरण चटईचं आहे. गुंडाळलेली चटई सोडली की तिला पुन्हा मूळ स्थितीत आणतो तो स्थितिस्थापक. आणि ‘भावना’ म्हणजे तिथे आठवणीचं कारण. म्हणजे अनुभव मनात राहणं आणि वाकलेली वस्तू पूर्ववत होणं, या दोन गोष्टी त्या लोकांनी एकाच घरात ठेवल्या होत्या.

युरोपात याच गुणाचा नियम रॉबर्ट हूकने मांडला. १६७६ मध्ये त्याने तो चक्क अक्षरांची उलटापालट करून कोड्यासारखा छापला आणि १६७८ मध्ये उकल दिली: जेवढा जोर, तेवढा ताण. दुप्पट वजन टाका, दुप्पट वाकेल. वजन काढा, परत येईल. पण याला एक मर्यादा असते. ती ओलांडली की धातू कायमचा वाकतो. चाचांच्या भाषेत ‘कमान बसते’.

मिश्रधातू काय करतो आणि काय करत नाही

बीदरमध्ये मिश्रधातू म्हटलं की बिदरीकाम आठवतं. जस्त भरपूर, तांबं थोडं, त्यावर चांदीची जडण आणि किल्ल्यातल्या मातीने आणलेला काळा रंग. पण बिदरीचा धातू वाकवायला गेलात तर तुटेल. त्याची निवड ओतायला सोपी आणि काळी पडणारी म्हणून झाली आहे. प्रत्येक मिश्रधातू कुठल्या तरी कामासाठी जमवलेला असतो.

स्प्रिंगच्या पोलादात साधारण ९७ टक्के लोखंडच असतं. उरलेल्या तीन टक्क्यांत सगळी करामत. कार्बन अर्धा ते पाऊण टक्का. तो नसेल तर पोलाद कडकच होणार नाही. सिलिकॉनच्या जातीत दीड ते दोन टक्के सिलिकॉन असतं. ते लोखंडाला आतून बळ देतं आणि कमान बसू देत नाही. मँगनीज आणि क्रोमियम यांचं काम वेगळं. जाड भाकरी मोठ्या जाळावर टाकली तर बाहेरून करपते आणि आत कच्ची राहते, हे आपल्याला माहीत आहे. जाड पाटा तेलात बुडवताना तसंच होतं: बाहेरचा भाग झटकन निवून कडक होतो, गाभा हळू निवून मऊ राहतो. मँगनीज-क्रोमियममुळे गाभ्यापर्यंत कडकपणा पोचतो. व्हॅनेडियम अगदी चिमूटभर, टक्क्याचा पाचवा हिस्साही नाही, पण त्याने पोलादाचे कण बारीक राहतात आणि चिवटपणा वाढतो. हेन्री फोर्डने १९०८ मध्ये मॉडेल टी गाडी आणली तेव्हा तिच्यात व्हॅनेडियमचं पोलाद सढळ हाताने वापरलं होतं. कच्च्या रस्त्यांवर हलकी गाडी टिकवायची तर ते लागणारच होतं.

आपल्याकडे ट्रकच्या पाट्यांसाठी ६५एसआय७, एसयूपी९, ५०सीआरव्ही४ अशा नावांच्या जाती चालतात. यातलं पहिलं आणि तिसरं नाव म्हणजे कृतीच समजा: ५०सीआरव्ही४ म्हणजे सुमारे ०.५० टक्के कार्बन, आणि सोबत क्रोमियम व व्हॅनेडियम.

आता एक गोष्ट, जी वाचून मी थक्क झाले. हे सगळं घालूनही पोलादाचा ताठपणा जवळजवळ बदलत नाही! गजाचं साधं लोखंड आणि महागडं स्प्रिंगचं पोलाद, दोघांच्या सारख्या मापाच्या पट्ट्या घ्या आणि सारखं हलकं वजन टांगा. दोन्ही सारख्याच वाकतील. फरक कळतो वजन वाढवल्यावर. साधं लोखंड चौरस सेंटिमीटरला सुमारे अडीच टन ताण आला की हार मानतं आणि वाकलेलंच राहतं. स्प्रिंगचं पोलाद अकरा टनांच्या पुढेही परत येतं. ताण चौपटीहून जास्त. आणि साठवता येणारी ऊर्जा ताणाच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळपास एकोणीस-वीस पट. खड्ड्यातला धक्का म्हणजे ऊर्जाच. ती क्षणभर पोटात घेऊन परत द्यायची, हे स्प्रिंगचं काम. मिश्रधातूने पोलाद कमी वाकतं असं नाही. जास्त वाकूनही परत येतं.

ताव आणि पाणी

पण नुसतं मिश्रण करून हे होत नाही. स्प्रिंगचं पोलाद कारखान्यातून पट्टीच्या रूपात येतं तेव्हा त्याच्यात अजून तो गुण नसतो. पट्टीला साधारण ८५० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत लाल ताव देतात, कमानीचा बाक देतात आणि तेलात बुडवतात. झटकन निवाल्यामुळे आतल्या कणांची रचना अडकून पडते. या अवस्थेला मार्टेन्साइट म्हणतात. ती भयंकर कठीण, पण काचेसारखी ठिसूळ. असा पाटा गाडीला लावला तर पहिल्याच खड्ड्यात दोन तुकडे.

म्हणून दुसरा ताव. पुन्हा ४०० ते ५०० अंशांच्या दरम्यान तापवून धरायचं. कठीणपणा थोडा उतरतो, चिवटपणा येतो. पहिला ताव बळ देतो, दुसरा ताव शहाणपण. दोन्हींचा तोल जमला तरच ती स्प्रिंग.

आपल्या लोहारांना हे नावं न घेता ठाऊक आहे. आमच्या भागात ऊसतोडीचा कोयता आणि चांगला विळा भंगारातल्या कमानपाट्याचा करतात. लोहार भात्यावर ताव देतो, ऐरणीवर घडवतो आणि धारेला पाणी देतो. मग धारेवर चढणारा रंग बघतो. पिवळसर रंग सव्वादोनशे अंशांच्या आसपास येतो, निळा तीनशेजवळ. धारेला कठीणपणा जास्त हवा म्हणून दुसरा ताव कमी. पाट्याला लवचिकपणा जास्त हवा म्हणून दुसरा ताव अधिक. पोलाद तेच, ताव वेगळा, आणि वस्तूचा स्वभावच वेगळा.

एकच जाड पाटा का नाही?

मी चाचांना हे विचारलं तेव्हा त्यांनी दुकानातलं एक जाड वर्तमानपत्र उचलून वाकवलं. कागद एकमेकांवर सरकले. मग म्हणाले, आता हे सगळे डिंकाने चिकटव आणि वाकव.

पट्टी वाकते तेव्हा तिचा एक पृष्ठभाग ताणला जातो आणि दुसरा दाबला जातो. पट्टी जितकी जाड, तितका त्याच बाकाला पृष्ठभागावरचा ताण जास्त. पातळ पट्ट्या एकीवर एक ठेवल्या की प्रत्येक पट्टीला थोडाच ताण सोसावा लागतो आणि वजन सगळ्या मिळून पेलतात. शिवाय पट्ट्या एकमेकींवर घासतात, त्यामुळे धक्क्यानंतर गाडी फार वेळ हिंदकळत नाही. हल्ली मध्ये जाड आणि टोकांना निमुळते असे दोन-तीनच पाटे असलेल्या कमानीही येतात. त्या हलक्या असतात, पण घडवायला जास्त काटेकोर.

पोलादही थकतं

पाटा एका फटक्यात क्वचितच तुटतो. तो थकून तुटतो. प्रत्येक खड्ड्याला एकदा वाकणं, एकदा परत येणं. कुठेतरी ओरखडा, गंजाचा खळगा किंवा मापाबाहेरचं वजन असेल तर तिथून केसासारखी चीर सुरू होते. ती रोज किंचित पुढे सरकते. उरलेला भाग वजन पेलेनासा झाला की मग ‘खाट्’.

तुटलेला तुकडा हे सगळं सांगतो. चाचांनी मला तो उजेडात धरून दाखवला. काही भाग गुळगुळीत, काळपट, गंजलेला: तिथली चीर जुनी. उरलेला भाग खडबडीत, चमकदार, दाणेदार: तो त्या दिवशीचा. आमच्या पाट्याचा जवळपास अर्धा भाग काळा होता. म्हणजे महिनाभर पप्पा अर्ध्या पाट्यावर गाडी चालवत होते. मला ते बघून कसंतरी झालं. चाचांना मात्र त्यात नवल नव्हतं.

थकवा लांबवण्यासाठी कारखान्यात एक युक्ती करतात. पाट्याच्या ताण सोसणाऱ्या बाजूवर बारीक पोलादी छर्ऱ्यांचा मारा करतात. त्यामुळे पृष्ठभागाचा थर आतल्या आत दाबलेल्या अवस्थेत राहतो. दाबलेल्या जागी चीर उघडायला अवघड जाते.

मग वेल्डिंगने काय झालं?

आता चाचांचं वाक्य उलगडता येतं. वेल्डिंगच्या जागी पोलाद वितळतं, म्हणजे तापमान हजार अंशांच्या कितीतरी वर. त्याच्या लगतची पट्टी लालभडक होते आणि बाकीचा थंड पाटा तिची उष्णता झटकन ओढून घेतो. म्हणजे तेलात बुडवल्यासारखंच झालं! तिथे पुन्हा ते काचेसारखं मार्टेन्साइट तयार होतं, आणि या वेळी दुसरा ताव द्यायला कुणी नसतं. त्याच्या थोडं पलीकडची पट्टी इतकी तापते की आधी दिलेला ताव उतरतो आणि ती मऊ पडते. जोड निवताना आक्रसतो आणि शेजारच्या भागाला खेचून धरतो. छर्ऱ्यांनी दिलेला दाबही त्या उष्णतेत नाहीसा होतो.

एक भाग ठिसूळ, लगेच पुढचा मऊ, दोन्ही आधीच ताणलेले, आणि वर तूरडाळीची पोती. साध्या लोखंडात कार्बन कमी असतो, म्हणून घराच्या ग्रिलला वेल्डिंग चालतं. ज्या कार्बनमुळे पाटा पाटा होतो, त्याच कार्बनमुळे त्याला वेल्डिंग सोसत नाही. बसलेली कमान नुसत्या गॅसच्या ज्योतीने तापवून पुन्हा वाकवणं, हेही त्याच जातीचं पाप.

आपल्या पायाखालचं पोलाद

एकदा डोळ्यांना सवय लागली की हे पोलाद सगळीकडे दिसतं. ट्रॅक्टरच्या कल्टिव्हेटरला फाळामागे स्प्रिंग असते. दगड लागला की फाळ मागे सरकतो आणि पुन्हा जागेवर येतो, मोडत नाही. इंजिनच्या व्हॉल्व्हची स्प्रिंग मिनिटाला हजारदा, कधी त्याहून जास्त दबते. ती क्रोमियम-सिलिकॉनच्या तारेची करतात. क्लचमधली थाळीसारखी चकती, रेल्वेच्या डब्याखालच्या जाडजूड गुंडाळ्या, सगळे याच घराण्यातले. ग्वाल्हेरजवळ सिथौलीला रेल्वेचा खास स्प्रिंग कारखानाच आहे.

आणि रूळ. बीदर–कलबुर्गी रेल्वेमार्गाचं उद्घाटन २९ ऑक्टोबर २०१७ ला पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते झालं. सुमारे ११० किलोमीटरचा मार्ग. स्टेशनवर उभं राहून रुळाकडे बघा. रुळाला स्लीपरवर दाबून धरणारी, इंग्रजी ‘ई’सारखी वळवलेली गजाची क्लिप दिसेल. मूळ कल्पना पेर पांडे-रोल्फसेन या नॉर्वेच्या इंजिनिअरची; त्याच्या आडनावावरून तिला पँड्रोल क्लिप म्हणतात. आपल्याकडे ती सिलिकॉन-मँगनीजच्या स्प्रिंग पोलादाची असते, गज वीस मिलिमीटरहून किंचित जाड. एकेक क्लिप रुळावर ८५० ते ११०० किलोचा दाब ठेवते. रूळ हादरतो, क्लिप किंचित उघडते, पुन्हा आवळते. नट-बोल्ट असते तर सैल झाले असते. किलोमीटरला १६६० स्लीपर आणि प्रत्येक स्लीपरवर चार क्लिपा धरल्या, तर या एका मार्गावर सात लाखांच्या वर क्लिपा होतात. रोज पायी फिरणारा की-मॅन त्याच तपासत असतो.

शेवटी

त्या रात्री पप्पांनी नवा पाटाच घातला. पैसे आपल्या खिशातून दिले. आम्ही उशिरा घरी पोचलो. दुसऱ्या रात्रीचा मिस्सा चुकला नाही. जानेवारीत शेठने पाट्याचे पैसे दिले, पण यापुढे वेल्डिंग करायचं नाही, असं काही तो म्हणाला नाही.

म्हणून हे मंडळाच्या अंकात लिहिलं. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी कुणी ना कुणी ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टर नाहीतर बस चालवतं. सुट्टीत घरी गेलात तर त्यांना चार गोष्टी नक्की सांगा. चिरलेला पाटा बदलायचा, जोडायचा नाही. पाट्याला ज्योत लावायची नाही. एका बाजूचा पाटा बदलला की दुसऱ्या बाजूचीही कमान बघून घ्यायची, नाहीतर गाडी झुकते. आणि धुतल्यावर, माती निघाल्यावर, पाट्यांवरून उजेड टाकून चीर शोधायची. गंजाची बारीक आडवी रेघ दिसली तर ती रेघ नाही, चीर आहे.

तुटक्या पाट्याचा एक तुकडा मी होस्टेलवर आणलाय. अर्धा काळा, अर्धा चमकदार. कुणाला बघायचा असेल तर मंडळाच्या पुढच्या बैठकीला घेऊन येते.